सहा सेलचे साडेनऊ व्होल्ट

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "सोनटक्के, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं." मी हो म्हणालो. चाळीस वर्षं ऑसिलोस्कोप दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे गमती पुष्कळ साठलेल्या असतात. एक सांगतोही. पण बाकीचं हलकंफुलकं होणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मी एका कागदावर लिहिलेल्या दोन ओळींमुळे लातूरला एका बाईंची प्रयोगशाळा सुटली. त्या ओळी खोट्या होत्या. हे कुठेतरी छापून यावं, एवढ्यासाठीच मी लिहायला बसलो आहे.

ऑसिलोस्कोप म्हणजे काय, हे माझ्या सख्ख्या मेहुण्यालाही अजून कळलेलं नाही; तो सगळ्यांना सांगतो की आमचे दाजी जुने टीव्ही दुरुस्त करायचे. तारेतली वीज डोळ्यांना दिसत नाही. ती कशी चढते, कशी उतरते, हे या पेटीच्या छोट्या काचेवर हिरव्या रेषेत दिसतं. काचेवर वहीसारखी चौकोनी घरं आखलेली असतात. रेषा किती घरं वर गेली हे मोजायचं, की झालं व्होल्टेजचं माप. कॉलेजात हिला सीआरओ म्हणतात, आम्ही दुकानात नुसतं स्कोप म्हणायचो. जुने स्कोप व्हॉल्व्हचे, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांचे, दोन माणसांनी उचलायचे. आत इतकी वीज साठलेली असते की प्लग काढल्यावरही हात लावला तर माणूस भिंतीवर जाऊन आदळतो. म्हणून डावा हात खिशात ठेवून एका हातानं काम करायचं. माझ्या सगळ्या पँटींचा डावा खिसा आधी फाटायचा.

आता ती गंमत. नायगावकडचे एक वैद्य एकदा सुमोच्या मागच्या सीटवर स्कोप घालून घेऊन आले. कुठल्याशा लिलावात घेतलेला. रोग्यानं त्याच्या तारेच्या टोकाला बोट लावलं की काचेवर हिरवी लाट उठायची, आणि हे ती वाचून कफ, वात, पित्त सांगायचे. रांगा लागायच्या म्हणे. तक्रार अशी होती की, "सोनटक्के साहेब, सगळ्याची नाडी एकसारखीच येऊन राहिली. म्हाताऱ्याची बी तीच, बाळाची बी तीच. मशिनीत काई तरी बिघडलंय."

मशीनमध्ये काहीच बिघडलं नव्हतं. घरातल्या विजेच्या तारांतून जे सूक्ष्म काही हवेत पसरतं, ते माणसाच्या अंगावर उमटतं आणि बोट लावलं की काचेवर दिसतं. वैद्यबुवा गावाच्या विजेची नाडी बघत होते. मी त्यांना हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे रोगी नसला तरी लाट असतीच?" आणि स्कोप घेऊन गेले. पुढेही त्यांनी तो वापरला, असं ऐकलं. ही गोष्ट सांगून मी पुढची कितीतरी वर्षं लोकांना हसवलं. भोंदू माणूस, यंत्र जे दाखवेल त्याला नाडी म्हणतो! आता सांगताना हसू येत नाही.

मला हा धंदा हमीदचाचांनी शिकवला. नांदेडला वजिराबादच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं, नंतर तेच मी चालवलं. चाचा निजामाच्या काळातल्या वायरलेस खात्यात शिकलेल्या माणसाचे शागीर्द. त्यांच्याकडे एक ॲल्युमिनियमचा डबा होता, जेवणाच्या डब्याएवढा. त्यात त्यांनी स्वतः जोडलेलं सर्किट होतं, आणि त्याच्या दोन टोकांवर बरोबर एक व्होल्ट यायचा. एक म्हणजे एकच. दुरुस्त झालेला प्रत्येक स्कोप शेवटी डब्याला जोडायचा आणि रेषा नेमकी रेघेवर येईपर्यंत आतला छोटा स्क्रू फिरवायचा. मग त्या स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब. वाळला की तो स्क्रू कुणी हलवला तर लगेच कळतं. जगभर ही पद्धत आहे. चाचा बांगड्यांच्या दुकानातून गडद जांभळी बाटली आणायचे, नेहमी तोच रंग. दुकानदारीण त्यांना चिडवायची, "चाचा, इस उमर में किस के वास्ते?"

वर्षातून एकदा चाचा तो डबा रुमालात बांधून हैदराबादच्या गाडीत बसायचे. तिथे एका मोठ्या प्रयोगशाळेत त्यांच्या ओळखीचे गृहस्थ होते. ते आपल्या पक्क्या मापाशी डब्याचं माप ताडून द्यायचे. मला हे थोतांड वाटायचं. डबा दरवर्षी बरोबरच निघायचा. चाचा म्हणायचे, "डब्बे पे घमंड नक्को करना. साल में एक बार उसकू लेजाके पूछना, मियाँ, तू अब्बी सच बोलरा क्या?"

चाचा गेले. पहिली दोन वर्षं मी गेलो हैदराबादला. तिसऱ्या वर्षी ते ओळखीचे गृहस्थ निवृत्त झाले होते, शिवाय नांदेड आणि लातूर दोन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांची कामं माझ्याकडे आली होती. लोह्यापासून उदगीरपर्यंत कुठेही स्कोप बिघडला की माझं नाव निघायचं. मग पुढच्या वर्षी बघू म्हणालो, आणि तसंच म्हणत राहिलो. मधे एकदा डब्यातला एक रेझिस्टर, म्हणजे वीज ठरावीक मापात अडवणारा बारका तुकडा, जळाला. प्रात्यक्षिक परीक्षांचे दिवस होते, सहा कॉलेजं मागे लागलेली. अचूक जातीचा हाताशी नव्हता, म्हणून तात्पुरता साधा लावला. तात्पुरता म्हणजे काय, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

त्यानंतर दुकानातलं सगळं त्या डब्याशी जुळवलेलं होतं. माझा मीटर, माझा स्वतःचा स्कोप, सगळं. आणि सगळं एकमेकांशी जुळायचं, त्यामुळे शंका यायला जागाच नव्हती.

लातूरच्या त्या तंत्रनिकेतनात सात स्कोप होते. सहा नवे, माझ्या हातचे, डब्याशी जुळवलेले. सातवा जुना, व्हॉल्व्हचा, चाचांनी शेवटचा दुरुस्त केलेला. तो मुलांना देत नसत, म्हणून माझ्या तपासणीच्या यादीतही कधी आला नाही. प्रयोगशाळा सहायक होत्या बिरादारबाई, उदगीरच्या. त्यांनी त्याला खिडकीजवळ कापडाखाली ठेवलेलं, आणि दर गुरुवारी तासभर चालू करायच्या, आत दमटपणा धरू नये म्हणून. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. चाचांनी एकदा बोलता बोलता सांगितलं असेल तेवढंच. शेतकरी घरातली बाई, दहावीनंतर आयटीआय केलेली. मुलांसाठी सर्किटच्या पट्ट्या स्वतः ॲसिडात बुडवून काढायची, म्हणून नखं कायम पिवळट तपकिरी. प्रयोगशाळा त्यांची होती, असंच म्हणायला हवं. प्राध्यापक यायचे नि जायचे.

वार्षिक तपासणीला गेलो तेव्हा त्यांनी मला हटकलं. टेबलावर सहा नवे सेल एका पट्टीत लावून ठेवले होते.

"साहेब, जरा बघा बरं हे. मीटर साडेनऊ दावतंय. जुना स्कोप साडेनऊ दावतोय. अन् तुमचे सहाच्या सहा नऊ दावून राहिलेत."

"मग बरोबर आहे," मी म्हणालो. "सेल दीड व्होल्टचा. सहा दिडं नऊ."

"नवा सेल दीडच्या वरच राहतो साहेब. वापरून वापरून दीडवर येतो."

हे खरं आहे. मला माहीत होतं. ज्यानं चार सेल मोजलेत त्याला हे माहीत असतं. पण मी गप्प बसलो, कारण तेवढ्यात विभागप्रमुख आत आले होते.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. बाईंनी पुन्हा सगळं सांगितलं. विभागप्रमुख हसले. "सहा दिडं नऊ, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. सहा यंत्रं खोटी आणि एक खरं, असं म्हणायचंय का तुम्हाला? मीटर तर आपला जत्रेत घेतलेला, स्वस्तातला आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सोनटक्के, हा एकच वेगळा का, ते लिहून द्या. ऑडिटला लागेल."

मी जुना स्कोप उघडला. डावा हात खिशात. स्क्रूवर जांभळा थेंब होता, अखंड, चकचकीत. म्हणजे चाचांनंतर कुणी हात लावलेला नव्हता, एवढा सरळ अर्थ. पण सरळ अर्थ घेतला असता तर माझे सहा चुकीचे ठरत होते. सहाच कसे, दोन्ही जिल्ह्यांतले सगळे. मग माझ्या डोक्यात एक विचार आला, आणि तो मला फार हुशारीचा वाटला. नेलपॉलिश कुणाकडे असतं? बाईमाणसाकडे. हिनं स्क्रू फिरवला असेल आणि वरून आपल्याकडचा थेंब लावून झाकला असेल. खोलीची किल्लीही हिच्याकडेच.

तीच जांभळी बाटली नांदेडला माझ्या ड्रॉवरमध्ये पडलेली होती. रंग मी ओळखायला हवा होता. मला वाटतं ओळखलाही होता.

मी पेचकसानं तो थेंब फोडला, रेषा नऊ व्होल्टच्या रेघेवर आणली, आणि अहवालात लिहिलं: सील मूळचे नसून नंतर लावलेले दिसते. आतील स्क्रू अनधिकृत व्यक्तीकडून फिरवला गेला असण्याची शक्यता आहे.

बाईंना ते वाचून दाखवलं गेलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, विभागप्रमुखांकडे नाही. "म्या कव्हर खोललंच न्हाई," त्या म्हणाल्या. "कशाला खोलू? मला भ्या वाटतंय त्या आतल्या करंटाचं." अहवालाखाली 'वाचले' म्हणून त्यांना सही करायला लावली. सही करताना त्यांचा हात माझ्यासमोर होता. पिवळी, ॲसिडानं खाल्लेली नखं. त्या नखांना नेलपॉलिश कधी लागलं नसावं. मला हे तेव्हाही दिसलं. मी पान उलटून पुढच्या यंत्राकडे वळलो.

पुढच्या वर्षी गेलो तर प्रयोगशाळेत दुसराच माणूस. बाईंना नोटीस मिळाली होती, बढती अडकली, आणि त्यांना कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसवलं होतं. खिडकीजवळच्या जुन्या स्कोपवर धूळ होती. गुरुवारी त्याला चालू करणारं कुणी नव्हतं.

त्यानंतर त्या निवृत्त होईपर्यंत दरवर्षी माझा तपासणी अहवाल त्यांनीच स्वीकारला. कार्यालयात कागद असाच देतात: दोन प्रती न्यायच्या, एकीवर क्रमांक टाकून ती ते ठेवतात, दुसरीवर पोच म्हणून सही करून आपल्याला परत देतात. बाई क्रमांक टाकायच्या, तारीख टाकायच्या, माझ्या प्रतीवर लिहायच्या, 'मिळाले. बिरादार.' आणि कागद माझ्यापुढे सरकवायच्या. मीच म्हणायचो, "काय बाई, बरं चाललंय ना?" कसं विचारवत होतं, देव जाणे.

मग डिजिटल स्कोप आले. ते बिघडले की फेकून देतात, उघडत नाहीत. माझ्याच सहीच्या दाखल्यावर जुने स्कोप एकामागून एक निकालात निघाले: दुरुस्तीयोग्य नाही. दुकानाचं शटर मी अर्धंच उघडू लागलो.

मागच्या वर्षी देगलूरचे एक दातांचे डॉक्टर आले. त्यांना जुनी यंत्रं जमवून दवाखान्यात मांडायचा नाद आहे. पेशंट घाबरलेला असतो, त्याला बघायला काहीतरी हवं, म्हणतात. लातूरच्या भंगारवाल्याकडून त्यांनी एक व्हॉल्व्हचा स्कोप आणला होता. मागे पिवळ्या ऑइलपेंटनं रंगवलेला नोंदीचा आकडा बघूनच मी ओळखला. खिडकीजवळचा तोच. महिनाभर खपून मी तो जिवंत केला. व्हॉल्व्ह शोधले, वाळवी काढली, उंदरांनी केलेलं घरटं काढलं. रेषा उमटली तेव्हा डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. मीही फुशारलो. शेवटी डबा जोडला, तर रेषा बरोबर रेघेवर.

डॉक्टरांनी खिशातून काड्यापेटीएवढी एक पट्टी काढली. "हे मी मागवलंय, प्रमाणपत्रासकट. अचूक माप देतं. लावून बघू का?"

लावली. रेषा रेघेच्या खाली.

"तुमची पट्टी चुकीची आहे," मी म्हणालो. डॉक्टर भले, ते पट्टी माझ्याकडेच ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून नवा मीटर आणला. मग ओळखीच्या प्राध्यापकाकडून दुसरा मागून आणला. दोन्ही आणि ती पट्टी, तिन्ही एकीकडे. माझा डबा एकटा दुसरीकडे. एकाला खोटं ठरवायला तेव्हा मला दोन मिनिटं लागली नव्हती; आता तीन साक्षीदार समोर असताना मी चार दिवस भांडत होतो.

पाचव्या दिवशी डबा उघडला. माझंच सोल्डरिंग. तात्पुरता लावलेला रेझिस्टर, त्याच्या अंगावरच्या रंगीत पट्ट्यांतला शेवटचा सोनेरी. सोनेरी म्हणजे शंभरात पाच इकडेतिकडे चालतील, अशा जातीचा. हा पूर्ण पाचनं चुकलेला होता. नवे सहा सेल आणले, पट्टीत लावले. नव्या मीटरवर साडेनऊ. बाईंचे साडेनऊ.

त्या दिवशी मी जेवलो नाही. कितीतरी वर्षं, दोन जिल्हे, हजारो मुलांच्या वह्या, सगळ्यांत माझा खोटा व्होल्ट. त्याचंही फार काही नाही, मुलं पुस्तकातले आकडेच उतरवतात. पण त्या साऱ्या पसाऱ्यात खरं बोलणारं एकच यंत्र होतं आणि ते ओळखणारं एकच माणूस. मी दोघांचेही स्क्रू फिरवले.

चुकीच्या कबुलीचं पत्र लिहून मी लातूरला, त्या तंत्रनिकेतनात गेलो. तो विभाग बंद पडलेला, प्रवेशच होत नव्हते म्हणे. विभागप्रमुख वारलेले. खिडकीतल्या तरुण क्लार्कनं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं आणि विचारलं, "काका, हे कुठल्या विषयाखाली आवक करू? संदर्भ क्रमांक काय?" मी म्हणालो, संदर्भ मीच आहे. त्यानं पत्र परत दिलं.

म्हणून उदगीरला गेलो. स्टेशनपासून जवळच घर. बाईंनी दार उघडलं आणि लगेच ओळखलं. "या साहेब," म्हणाल्या. आवाजात काही नव्हतं, ना राग ना आनंद. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. डबा, रेझिस्टर, जांभळी बाटली. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. मग आत जाऊन चहा घेऊन आल्या.

"तर साडेनऊच व्हते?"

"साडेनऊच."

त्यांनी बशीत चहा ओतला, पण प्याल्या नाहीत. "पैले मी समद्याला सांगायची, म्या हात लावला न्हाई. आमचे मालक म्हनायचे, शिकलेला माणूस कागदावर लिव्हतो म्हंजे काई तरी असंलच की. ते बी गेले, तीन वर्सं झाली. मंग साहेब, रोज त्या टेबलावर बसून बसून मला बी वाटाया लागलं, लागला असंल माझाच हात. झाडता-पुसता लागला असंल. सपनात मीच स्क्रू फिरवायची. निवृत्तीच्या वक्ताला तर मला पक्कंच वाटत व्हतं की म्याच केलं."

मला रडू आलं. त्यांना आलं नाही. मी लातूरचं पत्र पुढे केलं. चष्मा लावून त्यांनी ते सावकाश वाचलं आणि एका जागी बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, 'माझ्याकडून अनवधानाने चूक झाली.'

"डब्याची चूक झाली, ते कबूल," त्या म्हणाल्या. "पर माझ्याबद्दल लिव्हलं ती चूक न्हाई. तुमाला ठाऊक व्हतं. तसं लिवा."

त्यांच्या नातवाच्या वहीचं पान घेऊन मी पुन्हा लिहिलं. दोन ओळी खोडाव्या लागल्या. 'सील मूळचेच होते, हे मला दिसत असताना मी खोटे लिहिले.' त्यांनी दुसरी प्रत काढायला लावली. मग एका प्रतीच्या कोपऱ्यात तारीख घातली, 'आवक' लिहिलं, आणि क्रमांकाच्या जागी पेन थांबलं. "हितं पैलाच हाय," असं म्हणून त्यांनी एक लिहिलं, आणि ती प्रत घडी करून आत नेऊन ठेवली.

दुसरी मला दिली. ती पोच दुकानात माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, जांभळ्या बाटलीच्या शेजारी. खाली नेहमीच्या अक्षरात लिहिलंय, 'मिळाले. बिरादार.' मी ती बऱ्याचदा काढून बघतो. मिळाले, एवढंच आहे.